गहाण घर आणि थोरला भाऊ

शास्त्रपाठ : नहेम्या ५:१-१३, लूक १५:११-३२



दिल्लीहून यमुना ओलांडून नोएडाच्या पुढे गेले म्हणजे ग्रेटर नोएडाचा पश्चिम भाग लागतो. लोक त्याला अजूनही नोएडा एक्स्टेन्शनच म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. काहींच्या खिडक्यांत संध्याकाळी दिवे लागतात, सज्जांत कपडे वाळत असतात. काहींना मात्र खिडक्याच नाहीत. सिमेंटचे खांब आणि त्यांतून वर आलेल्या गंजलेल्या सळया एवढेच काय ते दिसते. ज्याला बुरूज बांधायचा आहे त्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून थांबलेल्याची लोक थट्टा करतील, असे प्रभूने लूकच्या १४ व्या अध्यायात बजावले आहे. येथे नवल असे घडले की, बुरूज अर्धा टाकणाऱ्याची थट्टा फारशी झाली नाही. ज्यांनी त्याच्या हाती पैसे दिले होते, त्यांचीच झाली.

अशा लोकांपैकी एक कुटुंब आमच्या प्रार्थनासभेत आहे. दिल्लीच्या आसपास राहणारी आम्हां थोड्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची ही सभा महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी भरते. आमचा एक लहानसा गरीब निधी आहे. २०२१ च्या पावसाळ्यात त्या कुटुंबातील भगिनी प्रार्थनेनंतर उभी राहिली आणि तिने मदत मागितली. मागताना तिचा पदर डोळ्यांवरून हलला नाही. तिने काही लपवले नाही, म्हणूनच तिची हकीकत मला येथे तिच्या अनुमतीने सांगता येते.

तिच्या सासऱ्यांनी आयुष्यभराच्या नोकरीतून डी.डी.ए.चा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. तो कर्जमुक्त होता. २०१२ साली तिच्या पतीने नोएडा एक्स्टेन्शनमध्ये मोठे घर नोंदवले. भाव वाढत होते, ऑफिसात सर्वांच्या तोंडी तोच विषय होता. म्हणून त्याच इमारतीत एक लहान घरही नोंदवले, ताबा मिळताच विकून नफा करावा या हेतूने. पदरचे पैसे भरण्यासाठी वडिलांचा फ्लॅट गहाण ठेवला आणि उरलेल्या रकमेसाठी घरकर्ज काढले. तीन वर्षांत ताबा मिळणार होता. सात वर्षांनीही मिळाला नाही. मग महामारी आली, पगार कापला गेला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते न भरण्याची सवलत दिली, ती त्यांनी घेतली. परंतु हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, हे त्यांच्या ध्यानात उशिरा आले. शेवटी वडिलांच्या फ्लॅटवर बँकेची ६० दिवसांची नोटीस लागली.

भगिनी खाली बसली. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग आमचे कोषाध्यक्ष बोलले. ते मूळचे अहमदनगर जिल्ह्यातील (हल्ली अहिल्यानगर म्हणतात), सरकारी कचेरीत कारकून होते. तीस वर्षे सरकारी क्वार्टरमध्ये राहिले, निवृत्तीनंतर भाड्याच्या घरात आहेत. ते म्हणाले, “पाळकसाहेब, या निधीत कोणाचा पैसा आहे तो मी रोज वहीत पाहतो. रात्रपाळी करणाऱ्या नर्सभगिनींचा आहे, एका ड्रायव्हरबंधूचा आहे. त्यांच्यापैकी एकाचेही स्वतःचे घर नाही. ज्याची दोन घरे नोंदवलेली आणि एक घर बापाचे, त्याचा हप्ता त्यांनी भरायचा काय? मलाही त्या वेळी घर घेता आले असते. मी हिशेब केला, झेपेना, म्हणून घेतले नाही. माझ्या न घेण्याचे बक्षीस हेच का?”

बंधुभगिनींनो, या प्रश्नावर मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. मी पुढच्या सभेपर्यंत वेळ मागितला. कोषाध्यक्षांच्या बोलण्यात कटुता नव्हती, न्यायाची चाड होती. आणि उपदेशकांना जी एक सवय असते, ज्याने काटकसर केली त्यालाच कठोर हृदयाचा ठरवून मोकळे व्हायचे, ती मला त्या दिवशी फार स्वस्त वाटली.

हा प्रश्न आमच्या सभेपुरता नाही. २००८ साली अमेरिकेत घरकर्जांचा डोलारा कोसळला. आधी मोठ्या बँकांना सरकारने सावरले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये कर्जबाजारी घरमालकांसाठी ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर झाली, तेव्हा तेथील हप्ते नियमित भरणाऱ्या लोकांनी दूरचित्रवाणीवर हेच विचारले : शेजाऱ्याने झेपेल त्याहून मोठे घर घेतले, त्याचे कर्ज मी का फेडावे? आपल्याकडे शेतकऱ्यांच्या कर्जमाफीच्या वेळी फेडलेला शेतकरी हेच विचारतो. प्रश्न जुना आहे आणि प्रामाणिकही आहे.

उत्तराकडे जाण्यापूर्वी एक भेद करणे अवश्य आहे, कारण तो न केल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. नोएडाच्या ग्राहकांपैकी बहुतेकांची कहाणी हावरेपणाची नाही, फसवणुकीची आहे. ‘सबव्हेन्शन’ नावाची एक योजना होती. ग्राहकाने कर्जाच्या कागदावर सही करावयाची, बँकेने रक्कम थेट बांधकाम करणाऱ्याला द्यावयाची आणि ताबा मिळेपर्यंत व्याज त्याने भरावयाचे. ऐकणाऱ्याला ही कृपाच वाटावी. परंतु घराचा मजलाही चढला नसताना मोठ्या रकमा बाहेर गेल्या, आणि बांधकाम करणाऱ्याने व्याज भरणे थांबवले तेव्हा बँक सही करणाऱ्याच्या दारी आली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितले होते की, बांधकाम जसजसे पुढे जाईल तसतसेच पैसे द्या. तरीही काय काय घडले त्याची चौकशी सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२५ मध्ये सी.बी.आय.कडे सोपवावी लागली. नीतिसूत्रे सांगतात की, दुसऱ्याच्या देण्याला जामीन राहणारा जाळ्यात सापडतो. या लोकांना तर आपण दुसऱ्याला जामीन राहिलो आहोत हेच ठाऊक नव्हते. ते स्वतःचे घर घेत आहोत असे समजत होते.

अशांना जे दिले जाते त्याला दया म्हणू नये. तो न्याय आहे, त्यांचे देणे आहे. २३ जुलै २०१९ रोजी आम्रपाली समूहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो मी पुष्कळदा नहेम्याच्या ५ व्या अध्यायाशेजारी ठेवून पाहतो. सुमारे ४२,००० घरग्राहकांचा प्रश्न होता. त्यांचा पैसा दुसरीकडे वळवला गेला होता, आणि ज्यांनी लक्ष ठेवावयाचे त्या प्राधिकरणांनी व बँकांनी डोळे मिटले होते. न्यायालयाने अपुरी घरे पुरी करण्याचे काम सरकारी कंपनी एन.बी.सी.सी.कडे दिले, आणि प्राधिकरणांना व बँकांना सांगितले की, तुमची थकबाकी या ग्राहकांची घरे विकून वसूल करता येणार नाही, ती समूहाच्या इतर मालमत्तेतून घ्या. धनकोच्या हातात रीतसर कागद होता, तरीही न्यायालयाने कागदामागचा व्यवहार पाहिला.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नव्हे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दारी गेले आणि त्यांनी खतेरोखे जाळले. अनेक ठिकाणी त्यांना सावकाराचा जीव नको होता, कागद हवा होता. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, आणि रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मुळात किती दिले, व्याज किती चढवले, हा सगळा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला.

यरुशलेमेत नहेम्याने तेच केले. तट बांधण्याचे पवित्र काम चालू होते आणि त्याच वेळी लोक व त्यांच्या बायका रडत आल्या, की दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण ठेवली, राजाच्या करासाठी कर्ज काढले, आता आमची मुले दास होत आहेत. नहेम्याला राग आला. पण शास्त्र सांगते की, त्याने आधी मनात विचार केला आणि मग सरदारांना व अधिकाऱ्यांना जाब विचारला. जाब ऋणकोंना विचारला नाही, धनकोंना विचारला. येथे वाचताना सहज नजरेतून सुटणारी एक ओळ आहे : तो स्वतः, त्याचे भाऊबंद आणि चाकर हेही पैसे व धान्य कर्जाऊ देत होते, हे तो भर सभेत कबूल करतो. शेते, मळे, घरे परत करा आणि घेतलेला शतांशही परत करा, असे सांगताना त्याने स्वतःला वगळले नाही. आपल्यापैकी ज्यांची मुदत ठेव बँकेत आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे. बँक म्हणजे कोणी परका सावकार नव्हे, तिच्या तिजोरीत आपणही बसलेलो आहोत.

तरीपण माझ्या समोरच्या प्रश्नाला नहेम्याही पुरत नाही, हे मी कबूल करतो. ते लोक भुकेने गहाण पडले होते. आमचा बंधू भुकेने नव्हे. मोठ्या घराच्या बाबतीत तो फसवला गेला हे खरे. परंतु दुसरे लहान घर त्याने नफ्यासाठी नोंदवले होते आणि बापाचे छप्पर त्यासाठी डावाला लावले होते. हे कोणी त्याच्याकडून करवून घेतले नव्हते.

लेवीयच्या २५ व्या अध्यायात योबेल वर्षाचे नियम आहेत. पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच अध्यायात २९ व्या वचनापासून एक अपवाद आहे, त्यावर मी तरी चाळीस वर्षांत एकही उपदेश ऐकलेला नाही. तटबंदीच्या नगरातले घर विकले तर विकणाऱ्याला ते सोडवून घेण्यास एकच वर्ष मिळते. वर्ष उलटले की ते कायमचे घेणाऱ्याचे, योबेलातही परत होत नाही. पण तट नसलेल्या खेड्यातले घर शेतासारखे मानावे, ते परत झालेच पाहिजे. असे का? खेड्यातले घर शेताला जोडलेले असते, त्यात राहणाऱ्याची भाकर त्याच्याशी बांधलेली असते. नगरातले घर घेण्यादेण्याची वस्तू होऊ शकते. देवाच्या नियमशास्त्राने प्रत्येक घराला एकाच मापाने मोजले नाही. ज्याने माणूस जगतो आणि ज्याने माणूस व्यापार करतो, यांत त्याने फरक केला. अनुवाद २४ मध्येही जात्याची तळी गहाण घेऊ नये असे आहे, कारण जाते घेणे म्हणजे जीवच गहाण घेणे. आणि गरिबाचे पांघरूण घेतले असल्यास सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यावे. जाते आणि पांघरूण, म्हणजे भाकर आणि ऊब. त्यापलीकडचे गहाण शास्त्राने बंद केले नाही. मात्र धनकोने वसुलीसाठी घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, असेही तेथेच सांगितले आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये असा नियम केला, तेव्हा मला हे वचन आठवले. उंबरठ्याबाहेर उभा राहणारा धनको ही कल्पना मोशेच्या काळापासूनची आहे.

आता थोरल्या भावाकडे येऊ. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आपण नेहमी धाकट्याबरोबर घरी येतो आणि थोरल्याला अंगणात उभा ठेवतो. कोषाध्यक्षांच्या प्रश्नानंतर मी तो दाखला पुन्हा वाचला आणि बापाच्या शेवटच्या बोलण्यापाशी थांबलो. बाप थोरल्याला सांगतो की, जे काही माझे आहे ते सर्व तुझेच आहे. हे नुसते समजावणीचे शब्द नव्हेत, हा मालमत्तेचा हिशेब आहे. वाटणी होऊन गेली होती. धाकट्याने आपला वाटा उडवला होता. बापाने त्याला झगा दिला, अंगठी दिली, जोडे दिले, पुष्ट वासरू कापले. परंतु उडवलेला वाटा पुन्हा भरून दिला नाही. उरलेली जमीन थोरल्याचीच राहिली. धाकट्याला घरात जागा मिळाली, त्याचे पुत्रपण परत मिळाले. दूर देशी गमावलेले धन त्याला परत मिळाल्याचे कोठेही लिहिलेले नाही.

थोरल्याची चूक हिशेबात नव्हती. भाऊ पात्र नाही, हे त्याचे म्हणणे बरोबरच होते, आणि धाकटाही वाटेत तेच घोकत आला होता. पात्रतेविषयी दोघांचे एकमत आहे. थोरला चुकला तो एवढ्यातच की, पात्रता संपली म्हणजे नातेही संपले असे त्याने धरले, आणि ‘माझा भाऊ’ न म्हणता ‘हा तुमचा मुलगा’ म्हटले.

म्हणून, ज्यांनी अतिकर्ज केले ते साहाय्यास पात्र आहेत काय, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, नाहीत. आणि तरीही त्यांना रस्त्यावर येऊ देऊ नये. त्यांचे छप्पर आणि भाकर राखावी. त्यांचा व्यापार राखू नये. आणि जे द्यावयाचे ते थोरल्याच्या वाट्यातून, त्याला न विचारता, काढून देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये महामारीच्या सवलतीविषयी असाच तोल सांभाळला. त्या सहा महिन्यांच्या व्याजावर व्याज घेऊ नका, घेतले असेल तर परत करा, असे सांगितले. परंतु सगळेच व्याज माफ करण्यास नकार दिला, कारण बँकेला ठेवीदारांना व्याज द्यावेच लागते. त्या ठेवीदारांत आमच्या सभेतील विधवा भगिनीही आहेत, ज्यांची औषधे ठेवीच्या व्याजावर येतात. तसेच नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने २५,००० कोटी रुपयांचा ‘स्वामी’ निधी जाहीर केला तो कोणाचे कर्ज माफ करण्यासाठी नव्हे, अडलेल्या इमारती पुऱ्या करण्यासाठी, आणि तो पैसाही फेडीच्या बोलीने दिला जातो. २०२५ च्या अर्थसंकल्पात सांगितले गेले की, त्यातून ५०,००० घरे पुरी होऊन किल्ल्या दिल्या गेल्या. भाडे आणि हप्ता दोन्ही भरणाऱ्या माणसाला माफीपेक्षा किल्ली हवी असते, हे निदान कोणाला तरी समजले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या मराठी शास्त्रात ‘ऋण’ हाच शब्द आहे. आपण तो इतक्या वेळा उच्चारला आहे की, त्यातला पैसा आपल्या कानांना जाणवत नाही. मत्तय १८ मधील दास दहा हजार तालांताचे देणे माफ करून घेऊन बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबतीचा गळा धरतो. त्या दाखल्यात एक गोष्ट मला नेहमी बोचते. राजाने जे सोडले ते राजाच्या तिजोरीतून गेले. सोडलेले ऋण हवेत विरत नाही, कोणीतरी ते सोसतो. आमचे ऋण कालवरीवर कोणी सोसले हे आम्ही दर प्रभुभोजनाच्या वेळी आठवतो, म्हणून माफी फुकट असते असे आम्ही तरी कधी म्हणू नये.

पुढच्या सभेत मी हेच वाचून दाखवले, आणि २ राजे ४ मधील विधवेची गोष्ट सांगितली. धनको तिची दोन मुले न्यायला आला होता. अलीशाने धनकोला शाप दिला नाही, कर्ज बुडव असेही तिला सांगितले नाही. तुझ्या घरात काय आहे, असे विचारले. तेल विकून आधी कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू व तुझी मुले जगा, एवढेच तो म्हणाला. शेजाऱ्यांनी काय दिले? रिकामी भांडी.

कोषाध्यक्षांनी विचारले, “म्हणजे आपण नेमके काय द्यायचे?” दोन तास चर्चा झाली. बंधूला सर्वांसमोर आपला हिशेब मांडावा लागला, आणि ते त्याला फार जड गेले. शेवटी ठरले की, निधीतून बँकेच्या हप्त्यासाठी एक रुपयाही जाणार नाही. वडिलांचा फ्लॅट लिलावात जाण्याआधी त्यांनी स्वतः, बँकेच्या संमतीने, विकावा आणि त्यावरचे कर्ज फेडावे. लहान घराची नोंदणी सोडावी, त्यात गेलेले पैसे गेले असे समजावे. ते भाड्याच्या घरात जातील तेव्हा पहिल्या चार महिन्यांचे भाडे आणि मुलीची त्या वर्षीची कॉलेजची फी निधीने भरावी. नर्सभगिनींना आम्ही स्वतंत्रपणे विचारले. त्यांच्यापैकी एक म्हणाली की, भाड्याच्या घरात कसे राहायचे ते मी ताईंना शिकवीन.

फ्लॅट विकला गेला त्या दिवशी निबंधक कचेरीत त्या बंधूबरोबर कोषाध्यक्षच गेले होते, कारण कागद वाचण्यात त्यांचा हात धरणारा आमच्यात दुसरा कोणी नाही. वृद्ध वडिलांना नवे घर दाखवायला आम्ही गेलो, तेव्हा ते बराच वेळ खिडकीजवळ उभे राहिले आणि जुन्या घराविषयी काहीच बोलले नाहीत. मोठ्या घराचा ताबा अद्याप मिळालेला नाही, पण काम पुन्हा सुरू झाले आहे. दर महिन्याच्या सभेत तो बंधू निधीत ५०० रुपये परत टाकतो. कोषाध्यक्ष त्याची पावती लिहितात. आपले मूळ मत बदललेले नाही, असे त्यांनी मला परवाही सांगितले, आणि या लेखात तसे लिहावे अशी अटही घातली.